नवा ठेवला, जुना नेला

१

शनिवारी सकाळी अदीबा रडत रडत जिना चढून आली आणि नसीमाच्या उघड्या दारावरून सरळ वर निघून गेली.

नसीमा दारातच उभी होती. बहरीनमधल्या मनामा शहरातल्या या इमारतीत कुणाचा गॅस संपो, कुणाचं पोर तापो की कुणाचा व्हिसा अडको, माणूस पहिल्यांदा यायचा तो नसीमाकडे, सगळ्यांच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे. तिचा नवरा रहिमतुल्ला मसाल्याचं दुकान चालवायचा. पण त्याच्या गल्ल्यासमोर नसायची इतकी माणसं नसीमाच्या स्वयंपाकघरात सल्ला घ्यायला बसलेली असायची. आणि आज ही श्रीवर्धनची पोर, जिला विमानतळावरून आणायला नसीमा स्वतः गेली होती, ती तिला ओलांडून तिसऱ्या मजल्यावर उल्काकडे गेली!

उल्का पुण्याची. नवरा शैलेंद्र बँकेत अकाउंटंट, ती स्वतः वकिलीची परीक्षा पास. इथं येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, पण इंग्रजी फॉर्म झरझर भरून देते म्हणून अख्खी इमारत तिला डोक्यावर घेऊन नाचत होती. त्यात ती दिसायलाही बरी होती. नसीमाच्या मते हे जरा जास्तच होतं.

"जीव जळता वाटता कुणाचा तरी," रहिमतुल्ला चहा पिता पिता म्हणाला.

"माझा कशाला जळंल? चहा प्या गुमान."

असं म्हणून ती त्याच पावली वर गेली. उल्काच्या सोफ्यावर अदीबा पदरात तोंड खुपसून बसली होती. शेजारी तिचा नवरा हमझा भिंतीला टेकून उभा होता. सलमाबादच्या वर्कशॉपमधला हा धिप्पाड वेल्डर.

"काय झाला गो?" नसीमानं विचारलं.

"खाला, ह्यांचा पासपोर्ट गेला," अदीबा म्हणाली. "आता आमाला परत जायला लागंल."

२

झालं होतं ते असं. हमझाच्या जुन्या पासपोर्टची मुदत संपली, म्हणून वकिलातीनं त्याला नवा दिला आणि जुन्याचा कोपरा कापून तो रद्द केला. रद्द झाला तरी त्याची किंमत संपली नव्हती. बहरीनमध्ये राहण्याचा शिक्का जुन्यावरच होता, आणि तो नव्यावर चढवून घ्यायचा तर दोन्ही पासपोर्ट दाखवायला लागणार होते. एरवी सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असतात. या कामासाठी तेवढे ते घरी आले होते. हमझाच्या शिक्क्यावरच अदीबाचा शिक्का, म्हणून तिचाही पासपोर्ट सोबत द्यायचा होता.

शनिवारी सकाळी कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत खेटे घालणारा माणूस, गाडी घेऊन दारात आला. हमझानं कपाट उघडलं. नवा पासपोर्ट होता, अदीबाचा होता, जुना नव्हता.

"मफी जुना?" मंदूब म्हणाला. "बुधवारी इकामा, रहनेका शिक्का, खलास. जुना नाही मिळा तो तुम भी खलास."

पोलिसांत तक्रार, वकिलातीचं पत्र, असा लांबचा रस्ता होता. पण त्याला आठवडे लागले असते आणि हमझाचा मालक तेवढा थांबणारा नव्हता. सुपरवायझरच्या जागेवर त्यानं हमझाचं नाव नुकतंच घातलं होतं. व्हिसा लटकला तर तो ती जागा दुसऱ्याला देऊन हमझाच्या हातात परतीचं तिकीट ठेवणार होता. अदीबानं लग्नानंतर कितीतरी वर्षं सासरी वाट पाहिली होती. दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या नवऱ्यावर संसार केला होता. तो संसार आत्ता कुठं एका छपराखाली आला होता आणि बुधवारी तो मोडणार होता.

"काल घरात कोण कोण आलं होतं?" उल्कानं वही न उघडता, अगदी शांतपणे विचारलं. कोर्टात विचारतात तसं, नसीमाला वाटलं. मेली शोभतेही.

शुक्रवार सुट्टीचा असल्यानं येणं-जाणं होतंच. सकाळी खुद्द उल्का आली होती फॉर्म भरायला, आणि आतल्या खोलीतल्या फोनवरून तिनं नवऱ्याला फोन केला होता. दुपारी हमझाची बहीण ताहेरा मागच्या गल्लीतून मासे घेऊन आली, जेवली आणि आतल्या खोलीत नमाज पढली. मग वर्कशॉपमधला गनी किल्ल्या द्यायला आला, तोही तिथंच अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज पढून गेला. संध्याकाळी नसीमा सांदणं द्यायला आली आणि तिनं बुरखा काढून ठेवला तो त्याच खोलीत. कपाटाला कुलूप नव्हतं. आपल्याच माणसांत कुलूप कोण लावतं?

"सुपरवायझरची जागा हमझाभाईंना मिळाली नाही तर कुणाला मिळेल?" उल्कानं विचारलं.

हमझानं मान खाली घातली. "गनीला."

सगळे उल्काकडे कौतुकानं बघायला लागले. नसीमाच्या अंगाचा तिळपापड झाला. गनी चोर असेलही, पण तो या बाईनं शोधलेला तिला नको होता. तिनं मनाशी दुसराच चोर ठरवून टाकला. फॉर्म भरायच्या निमित्तानं पासपोर्ट हाताळले कुणी? आतल्या खोलीत एकटी गेली कोण? आधी हरवायचं आणि मग शोधून देऊन वाहवा मिळवायची, ही शिकलेल्या बायकांची रीत नसीमाला चांगली माहीत होती.

माहीत कसली, तिनं ती त्याच क्षणी शोधून काढली होती.

३

रहिमतुल्लाला दुकानाच्या मालासाठी मीना सलमान बंदरावर जायचं होतं. नसीमानं त्याची व्हॅन आधी सलमाबादकडे वळवायला लावली.

गनी वर्कशॉपच्या बाहेर पत्र्याच्या सावलीत बसून डबा खात होता. तिला बघताच त्यानं ओळखलं.

"खाला, तुमीपण? सकाळपासून सगळे माझ्याकडं असे बघतायत जसा काय मी मुडदा पाडलाय."

"जागेसाठी तुमचा दोघांचा वाजला होता ना?"

"वाजला होता. मला हवी होती ती जागा, अजून हवी हाय. माझ्याहून दोन वर्षं मागून आलेला माणूस माझ्यावर साहेब होणार, तर पोटात दुखणार नाय?" त्यानं डब्याचं झाकण आपटलं. "पण खाला, माझी अक्कल काय गहाण पडलीय? मला हमझाचा काटा काढायचा असता तर मी दोन्ही बुकं उचलली असती. नवा, कोरा, निळ्या प्लास्टिकमधला पासपोर्ट समोर हाय, आणि मी तो ठेवून जुना नेईन? माझ्या बापानंपण अशी चोरी केली नसती."

नसीमाला हसू आलं, पण व्हॅनमध्ये बसल्यावर ते विरलं. गनीचं म्हणणं खोटं नव्हतं. चोरानं एकच पासपोर्ट नेला होता. हमझाचं वाटोळं करायला आलेला माणूस हमझाच्याच नावाचा दुसरा पासपोर्ट तिथं शिल्लक कसा ठेवील?

"गनी नाय," ती म्हणाली.

"मग कोण? उल्काबाई?" रहिमतुल्लानं गियर टाकता टाकता विचारलं. एवढ्या वर्षांत बायको त्याला पाठ झाली होती.

नसीमानं त्याला पुढं बघून व्हॅन हाकायला सांगितलं. परतताना ती ताहेराच्या गल्लीत उतरली.

४

ताहेराचं घर म्हणजे हमझाचं जुनं खानावळघर. अदीबा येईपर्यंत हमझा खोलीवर फक्त झोपायला जायचा. दोन्ही वेळचं जेवण बहिणीकडे. ताहेराला मूल नव्हतं, नवरा नझीर बोटीवरच्या नोकरीत महिनोन्‌महिने समुद्रावर. भावाचं ताट हाच तिचा दिवस होता.

"खाला, माझा भाव जाणार," दार उघडताच ती नसीमाच्या गळ्यात पडली. रडणं खरं होतं. डोळे सुजले होते, केसांना तेल नव्हतं. नसीमानं आयुष्यात खोटी रडणी पुष्कळ पाहिली होती, ही त्यातली नव्हती.

"काल तुला कायतरी दिसलं असंल. गनी? ती वरची उल्का?"

"मी नमाजला उभी राहिले, मला काय दिसणार? खुदा जाणे कुणाची नजर लागली." ताहेरानं डोळे पुसले. "तुमी जेवून जा."

एवढ्या दुःखातही तिनं साफी मासा तळला होता, खोबऱ्याचं आंबट कालवण केलं होतं. ताट समोर आलं. नसीमानं पाहिलं तर कालवणाशेजारी बेकरीतला खुबूस, म्हणजे अरबी रोटी, ठेवलेला.

"भात नाय?"

"कंटाळा आला."

नसीमानं खुबूस मोडून कालवणात बुडवला. चव बरी लागली, पण मन भाताकडेच राहिलं. ताहेराच्या घरी गावचा उकडा तांदूळ सरता सरायचा नाही. सुट्टीवरून येणाऱ्या प्रत्येकाकडून ती तो मागवायची, किडू नये म्हणून बोरिक पावडर चोळून पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायची. कालवण आहे आणि भात नाही, असं त्या घरात आजवर झालं नव्हतं. दुःखाच्या घरात पुरा स्वयंपाक होत नाही, तसंच काहीसं असेल, अशी नसीमानं स्वतःची समजूत घातली.

५

रविवारी ती उल्काकडे गेली, एकदाचा सोक्षमोक्ष लावायलाच.

उल्कानं चहा केला. आलं घातलेला, बेताचा गोड, झकास. नसीमाला तो आवडला याचाच तिला जास्त राग आला.

"मला तुमचा संशय येतोय ते दिसतंय, नसीमाभाभी," उल्का हसून म्हणाली. "येऊ दे. मी तिथं होतेच. पासपोर्टपण हाताळले. टेबलावर तिन्ही उघडे होते. नंबर लिहून घेतले आणि अदीबाच्या हातात परत दिले. हमझाभाईंच्या जुन्याचा कोपरा कापलेला बघून ती बिचारी एवढी हळहळली! म्हणाली, ह्यानंच त्यांना दर वेळी माझ्याकडं आणला, आणि ह्याचीच ही दशा."

"अशी म्हणाली?"

"हो. वेडी आहे. पण नवऱ्यावर असा जीव असावा." उल्कानं एका वाटीत बेसनाचे लाडू घालून दिले. "रहिमतुल्लाभाईंना द्या."

नसीमा वाटी घेऊन जिना उतरायला लागली. लाडवाला तुपाचा वास होता, आता रहिमतुल्ला आठवडाभर त्याची तारीफ करणार होता. चहा चांगला, लाडू चांगले, बोलणं गोड, वर संशय घेतला तरी हसते! या बाईत खोट काढावी तरी कुठं? आणि मग तिच्या मनात ते आलंच, अगदी स्पष्ट शब्दांत आलं. पासपोर्ट जायचाच होता तर हिचा का नाही गेला? हिचा गेला असता, ही पुण्याला परत गेली असती, आणि इमारत पुन्हा माझी झाली असती.

ती पायरीवर थबकली. 

तिनं उल्काचा पासपोर्ट मनात आणला होता. शैलेंद्रचा नव्हे. शैलेंद्रशी तिचं काय वाकडं होतं? जळणारं माणूस ज्याच्यावर जळतं त्यालाच घालवायला बघतं. मग हमझाच्या घरातून पासपोर्ट नेणाऱ्याला हमझालाच घालवायचं होतं, हे ठरवलं कुणी?

६

अदीबा भांडी घासत होती. नसीमानं तिचा ओला हात धरून तिला खाली बसवलं.

"तुझा पासपोर्ट बघू."

अदीबानं कपाटातून आणून दिला. उघडाबोडका, कव्हराशिवाय.

"विमानतळावर उतरलीस तवा ह्याला कव्हर होता. लाल, जरीचा. तुझ्या निकाहच्या ओढणीचा. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

अदीबाच्या गालावर रंग चढला. "ता मी ह्यांच्या जुन्यावर घातला, खाला. उल्काभाभी फॉर्म भरून गेली, मग घातला. कापलेला कोपरा बघवत नव्हता."

"हे बोलली का नाहीस?"

"कुणी विचारला नाय. आणि लाज वाटली. बुकाला कोण ओढणी गुंडाळता?"

"हमझाला ठाऊक होता?"

"त्यांनापण नाय."

नसीमानं पासपोर्ट तिला परत दिला. आता सगळं सरळ दिसत होतं. चोरानं जुना पासपोर्ट निवडलाच नव्हता, त्यानं लाल ओढणीतला निवडला होता. आत काय आहे हे उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच वाटली नाही, इतकी खात्री होती की लाल जरीचा म्हणजे अदीबाचा. गनीनं ते कव्हर कधी पाहिलं नव्हतं. उल्कानं नंबर उतरवताना तिन्ही उघडे पाहिले होते, तिला हवा तो पासपोर्ट चेहऱ्यानिशी माहीत होता, ती चुकली नसती. चुकणारं माणूस एकच होतं, ज्याला ते कव्हर आतून बाहेरून ओळखीचं होतं.

"ता शिवला कुणी होता गो?"

अदीबा सहज म्हणाली, "ताहेराआपांनी. माझा व्हिसा आला तवा गावाला आल्या होत्या. एका रात्रीत शिवून दिला."

आणि नसीमाला कालवणाशेजारचा तो खुबूस आठवला.

७

ताहेराच्या स्वयंपाकघरात जाऊन नसीमानं काही विचारलं नाही. तिनं भिंतीशी ठेवलेला पत्र्याचा डबा पुढं ओढला आणि ती त्याच्यासमोर पाटावर बसली.

"भात कर मला. कालवणाशी खुबूस नाय खाल्ला जात माझ्याच्यानं."

ताहेरा जागच्या जागी उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले.

"त्यात हात घालायला भीती वाटता ना?" नसीमा हळूच म्हणाली. "मी घालू?"

ताहेरा खाली बसली. "खाला, मी तिचा घेतला होता. खुदाशपथ तिचा. घरी येऊन उघडला आन आत माझ्या भावाचं तोंड निघालं."

"सकाळीच परत का नाय दिलास?"

"कशी देणार? तवर बोंब झाली होती. माझ्याच मांडीवर डोकं ठेवून रडला तो." ती तोंडात पदर कोंबून बोलत होती. "मला वाटलं, ती गावाला गेली की तो परत माझ्याकडं जेवंल. एवढंच, खाला. तिचा व्हिसा यावा म्हणून मीच रोजे ठेवले, मीच ता कव्हर शिवला. आणि आली तशी त्यानं माझ्या घरचा घास सोडला. शुक्रवारी मासे घेऊन गेले तर म्हणतो, आपा, कशाला तरास घेतलास, अदीबा करता ना छान. छान करता! मीच त्याला खायला शिकवला आन ती छान करता!"

तिच्या तोंडून हे ऐकताना नसीमाला तिचा राग यायला हवा होता. तो आला नाही. गेले दोन दिवस ती स्वतः काय करत होती? निर्दोष बाईला चोर ठरवून तिच्या घरचा चहा पीत होती. फरक एवढाच की उल्काचं कपाट तिच्या हाताशी नव्हतं.

"मला वरच्या उल्काचा असाच जाळ होता," ती म्हणाली. "म्हणून तर तू सापडलीस. दुसऱ्या कुणाला सापडली नसतीस."

ताहेरानं मान वर केली. "भावाला सांगाल?"

सांगितलं असतं तर आज रात्रीपर्यंत साऱ्या मनामात नसीमाचं नाव झालं असतं. वकिलीण चुकली आणि खालानं चोर पकडला. तिच्या जिभेवर ते नुसतं घोळत होतं. पण मग हमझाला बहीण उरली नसती, आणि या बाईला कुणीच उरलं नसतं.

तिनं डब्यात कोपरापर्यंत हात घातला.

८

सोमवारी सकाळी अदीबा चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली तेवढ्यात नसीमानं बुरख्याखालचं लाल पुडकं कपाटामागच्या फटीत सोडलं. मग तिनं बाहेरच्या खोलीतल्या हमझाला हाक मारली आणि आयुष्यातलं सगळ्यात कडू वाक्य तोंडातून काढलं.

"हमझा, वर जाऊन उल्काला बोलाव. ती शिकलेली बाई हाय. तिला म्हण, एकदा कपाट सरकवून तुझ्या नजरेनं बघ."

उल्का आली. कपाट सरकलं. उल्का वाकली आणि लाल जरीचं पुडकं हातात घेऊन उभी राहिली. मग जे झालं ते नसीमाला बघवेना. अदीबानं उल्काचे हात डोळ्यांना लावले, हमझा एवढा मोठा गडी हुंदके द्यायला लागला, जिन्यात बायका जमल्या आणि प्रत्येकीच्या तोंडी उल्काभाभी, उल्काभाभी. नमाजच्या वेळी कपाटाचं दार लागून पडला असेल, असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं. गनीची माफी मागायला हमझा स्वतः सलमाबादला गेला.

तेवढ्या गडबडीत उल्कानं कव्हराच्या घडीतून काहीतरी चिमटीत उचललं. क्षणभर पाहिलं, बोटांना लागलेली पांढरी पावडर चोळली, नसीमाकडे पाहिलं आणि मूठ मिटली.

बुधवारी दोघांचे शिक्के नव्या मुदतीसह हातात आले. शुक्रवारी दुपारी ताहेरानं सगळ्यांना जेवायला बोलावलं, म्हणजे नसीमानं तिला बोलवायला लावलं. हमझाला तिनं आधीच दम भरला होता की यापुढं दर शुक्रवारी नवराबायकोचं ताट बहिणीकडे. ताहेरानं वाफाळता उकडा भात वाढला. पहिला वाढला तो अदीबाला, आणि ती इतकं वाढत गेली की अदीबानं तिचा हात धरून ठेवला.

जेवणं झाल्यावर उल्का हात धुवायला नसीमाच्या मागोमाग आली.

"नसीमाभाभी, कपाटामागं उकडा तांदूळ कुठून आला हो?"

"उंदरानं नेला असंल."

"बोरिक पावडर लावून?"

नसीमानं नळ बंद केला. म्हणजे हिला तेवढंही कळलं होतं! कळलं होतं, आणि चार दिवस ही बाई तोंड मिटून बसली होती, फुकटचा मान घेत, आतल्या आत अवघडत. नसीमाला वाटलं होतं ही गोष्ट तरी आपली एकटीची आहे.

"मी कुणाला विचारणार नाही," उल्का हलक्या आवाजात म्हणाली. "फक्त एक सांगा. मी गनीवर अडकून बसले होते. तुम्हाला कसं कळलं?"

नसीमानं तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्या घरात नुकतंच एक खोटं पोटात घालून सगळे जेवले होते, दुसरं तिला जड गेलं असतं.

"तुझ्यामुळं, बाय," ती म्हणाली. "खरंच सांगते. तू नसतीस तर मला कधी कळला नसता."

उल्काचे डोळे भरून आले. तिनं नसीमाचा ओला हात दोन्ही हातांत धरला आणि ती इतकी मनापासून हसली, की नसीमाला तिचा पुन्हा राग आला.